कॅन भरले की दिवा जायचा

गॅरेजवाला पुन्हा हसत हसत "वहिनी, लागतोय की दिवा" म्हणाला, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी गाडीवर बसलेली, तो मागे उकिडवा. मी पायानं ब्रेक दाबला की तो म्हणायचा, "लागला." सोडला की, "गेला." हातानं दाबला की परत, "लागला." बाकड्यावर चहा पीत बसलेली दोघंतिघं माझ्याकडं अशी बघत होती, की बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की हे असंच व्हायचं. आणि त्याच गाडीच्या मागं तासाभरापूर्वी, मिरजगावच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरपाशी, टोमॅटोचा टेम्पो हातभर अंतरावर येऊन कचकन थांबला होता. कारण काय, तर मी ब्रेक मारलेला त्याला मागून कळलाच नाही. लाल दिवा लागलाच नव्हता.

आता गॅरेजवाल्याला खोटं म्हणावं तर दिवा त्याच्यासमोर लागत होता. टेम्पोवाल्याला खोटं म्हणावं तर त्या बिचाऱ्याचं तोंड पांढरंफटक पडलेलं मी स्वतः पाहिलं होतं. राहता राहिले मी. म्हणजे खोटी मीच ठरत होते, आणि ते मला कधीच सोसलेलं नाही.

आमची वस्ती हायवेपासून थोडी आत आहे. घरात मी, सासूबाई आणि मामंजी. नवरा चाकणला कंपनीत कामाला, शनिवारी संध्याकाळी येतो आणि रविवारी जातो. गोठ्यात गाई आहेत, आणि त्यांचं दूध रोज पहाटे मोटरसायकलवर मिरजगावच्या डेअरीला घालायचं, हा आमच्या घरचा नेम. पूर्वी ते काम मामंजींचं होतं. मग त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, समोरच्या गाडीचा उजेड तोंडावर आला की त्यांना रस्ता दिसेना. मी म्हटलं, मला शिकवा. ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात मी गाडी शिकले. स्कुटी नव्हे, गिअरची गाडी. दोनदा ढेकळात आडवी झाले, सासूबाई बांधावर तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, आणि मामंजी लांबूनच सांगत होते, "क्लच सोड, हळू, हळू सोड." पुढं त्यांचं ऑपरेशन झालं, लांबचं लख्ख दिसायला लागलं. पण तोवर गाडी माझ्या हातात आली होती, आणि ती मी काही परत दिली नाही. त्यांनीही मागितली नाही.

मला त्या गाडीचा अभिमान होता, अजून आहे, आणि तो मी लपवणार नाही. डेअरीच्या रांगेत मी एकटी बाई. सुरुवातीला लोक बाजूला सरून मला पुढं जागा करून द्यायचे. मी म्हणायचे, असू द्या, मी रांगेतच थांबते. मग माझा नंबर यायचा, दुधाची फॅट लागायची, आणि ती चांगली लागली की मागच्यांच्या माना लांब व्हायच्या. दूध घालून झालं, की मग परतीचा रस्ता. कॅन रिकामे, ते दोन्ही बाजूंनी खुळखुळतायत, उजाडलेलं असतंय, तुरीच्या रानातून गार वारा येतोय, आणि मागं पुढं कुणी मला काही सांगणारं नाही. दिवसभरात तेवढा वेळ माझ्या एकटीचा असायचा.

तर असा माझा थाट चाललेला, आणि त्यात हा दिवा निघाला.

पहिल्यांदा टेम्पोवाला नुसता शेजारी येऊन बोलला होता. तो रोज त्याच वेळेला टोमॅटो घेऊन मिरजगावला जायचा, तोंडओळख होती. काच खाली करून म्हणाला, "ताई, ब्रेक मारलेला मागच्याला कळू द्या की. दिवा न्हाई का गाडीला?"

"हाय की," मी म्हटलं.

"मग लावत जावा." जसं काही मी तो कपाटात ठेवून आले होते.

मी डेअरीला दूध घातलं आणि तशीच गॅरेजला गेले. आमच्याकडं कुणीही दूधवाला असंच करतो. गाडी कितीही आजारी असो, आधी दूध पोचवायचं, मग गॅरेज. दुधाला थांबायची सवय नसते. गॅरेजवाल्यानं दाबून बघितलं, दिवा लागला. तरीपण माझं मन राखायला म्हणून त्यानं बल्ब बदलला. तेव्हा मला कळलं की मागच्या त्या एकाच बल्बात आत दोन बारीक तारा असतात, एक नेहमी मंद जळणारी आणि दुसरी ब्रेक मारला की भडकणारी. मी नीट बघून घेतलं. माझी ती खोड आहे, समोर कुणी काही उघडलं की मी त्यात डोकं घालते.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला परत ओरडला. मी परत गॅरेजला. या खेपेला त्यानं पायाच्या ब्रेकपाशी असलेला स्विच साफ केला, त्याची ती एवढीशी स्प्रिंग ओढून बसवली. दिवा लागत होताच, तो आणखी लागला. तिसऱ्या दिवशी मात्र टेम्पोनं असा ब्रेक मारला की त्याच्या मागचे दोन कॅरेट रस्त्यावर आले आणि टोमॅटो गडगडत माझ्या चाकापाशी. मी गाडी लावून वेचू लागले, तर तो म्हणाला, "टोमॅटो जाऊ द्या वो ताई. तुमी मेला असता आत्ता." आणि तो तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसला.

त्यानंतरच गॅरेजमधलं ते "लागतोय की दिवा." घरी येताना रिकामे कॅन खुळखुळत होते, पण मला त्यात काही गोडी वाटली नाही.

मी घरी काही बोलले नव्हते. पण बाजाराच्या दिवशी टेम्पोवाल्यानं मामंजींना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याचा त्यात काही दोष नाही, मीसुद्धा तेच केलं असतं. संध्याकाळी मी धार काढायला बसले होते, तर मामंजी गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. ते कधी आवाज चढवत नाहीत. तसंच शांतपणे म्हणाले, "रविवारी पोरगा येईल तवा गाडी त्याला घेऊन जाऊ दे चाकनला. त्याला तिथं कामाला पडंल. दूध आपण दारावर टेम्पो येतो त्याला घालू."

मी म्हटलं, "मामंजी, दिवा दुरुस्त होईल की."

"तीनदा दुरुस्त झाला म्हनं." मग म्हणाले, "तुला काय झालं तर मी तुझ्या माहेरच्यांना काय तोंड दाखवू?"

ते रागावून बोलले असते तर मी चार शब्द सुनावले असते, सासरे म्हणून गप्प बसणाऱ्यांतली मी नाही. पण ते माझ्या काळजीनं बोलत होते. मी गाईच्या पोटाला डोकं टेकलं आणि धार काढत राहिले. रात्री नवऱ्याला फोन केला, म्हटलं हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. तर तो म्हणाला, "बरं झालं की. मला इकडं गाडी लागतेच, बसला लोंबकळून वैताग आलाय." मी फोन ठेवून दिला. त्या घटकेला तो समोर असता तर काही खरं नव्हतं.

रविवारपर्यंत मला जायची परवानगी होती, पण पहाटेच्या अंधारात नाही, चांगलं फटफटल्यावर. उशीर झाला तर होऊ दे म्हणाले. दोन सकाळी मी तशी गेले आणि रस्ताभर एकच विचार करत राहिले. अंधारात दिवा लागत नाही आणि उजेडात लागतो, असं कसं? थंडीनं असेल? दवानं असेल? घरी येऊन मी दिव्यावर तांब्याभर पाणी ओतून बघितलं. सासूबाईंना मागं उभं केलं, ब्रेक दाबला. त्या म्हणाल्या, "लागलाय बाई चांगला लाल." पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, दोन्हींनी लागतो. टेम्पोवाल्यापुढं मी काही एकच ब्रेक मारत नसेन, दोन्ही मारते. मग दोन्ही स्विच एकदम कसे जातील आणि एकदम कसे येतील? म्हणजे स्विच नव्हेच. बल्ब नवा. मग उरलं काय? डोक्याचा नुसता भुगा झाला.

शनिवारी सकाळी मी डेअरीच्या रांगेत उभी होते. माझ्या मागं एक शेजारच्या वस्तीवरचे दादा होते. मला काय सुचलं कोण जाणे, मी मान वळवून म्हटलं, "दादा, जरा मागचा दिवा बघता का? मी ब्रेक दाबते."

"दाबा."

मी दाबला.

"न्हाई लागत."

"नीट बघा."

"अवो नीटच बघतोय. काय हळदकुकू वाहायचं का आता त्याला?"

मी पुढचा दाबला, मागचा दाबला, दोन्ही दाबले. नाही म्हणजे नाही. रांगेतली माणसं हसायला लागली. मला मात्र हसू आलं नाही, कारण आजूबाजूला चांगलं ऊन पडलं होतं. म्हणजे अंधाराचा संबंध नव्हता, थंडीचा नव्हता आणि दवाचाही नव्हता. तेवढ्यात माझा नंबर आला. डेअरीच्या माणसानं दोन्ही कॅन उतरवले, दूध ओतून घेतलं, रिकामे कॅन परत अडकवले. मी गाडी चार पावलं पुढं घेतली आणि त्या दादांना परत हाक मारली. ते कंटाळून आले.

"दाबा. हां, लागला बघा आता."

मी गाडीवरच बसून राहिले. मागची माणसं सरका सरका म्हणायला लागली तरी मला कळेना. मघाशी नाही आणि आत्ता आहे, आणि मधे घडलं काय, तर दूध उतरलं. एवढंच. कॅन भरलेले असले की दिवा जातो, रिकामे झाले की येतो. आणि आम्ही सगळे दूधवाले शहाणे, गॅरेजला जाणार ते दूध घालून, रिकाम्या कॅननं. भरली गाडी घेऊन गॅरेजला जाईल असा माणूस आमच्या भागात शोधून सापडायचा नाही. मग गॅरेजवाल्याला दोष दिसणार कसा? त्यानं बघितलेली गाडी आणि टेम्पोवाल्यानं बघितलेली गाडी एकच नव्हती.

त्या दिवशी मी गॅरेजला वळलेच नाही. गाडी अशी पळवली की घरी येऊन पोचेपर्यंत कॅनच्या आवाजानं कान बधिर झाले.

अंगणात गाडी उभी केली, हौदाशी गेले आणि कॅनमध्ये बादलीनं पाणी भरायला लागले. म्हटलं, दुधाइतकं वजन झालं की बघते. एक कॅन भरला असेल नसेल, तोच मागून आवाज आला.

"कॅनमधी पानी? माझ्या दारात?"

मामंजींचा तसा आवाज मी लग्न होऊन आल्यापासून ऐकला नव्हता. ते धोतराचा सोगा सावरत आले, कॅन दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी मातीत पालथं केलं. त्यांच्या चपला भिजल्या. "रस्त्यानं मानसं येत्यात जात्यात. कुनी बघितलं तर काय म्हनंल? उभा जन्म गेला, आपल्या दुधात कुनी पान्याचा थेंब दाखवला न्हाई, आन तू कॅन भरायला लागलीस?"

मी म्हटलं, "मामंजी, मला वजन पाहिजे. दिवा वजनानं जातोय."

"वजनाला दुसरं काय बी घे. कॅनमधी पानी न्हाई."

मला राग आला. पण खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. दुधाच्या धंद्यात माणसाच्या नावाला एकदा पाणी लागलं की ते पुन्हा सुकत नाही. आणि ज्या घराची फॅट चांगली लागते म्हणून मी रांगेत मान वर करून उभी राहत होते, ते घर त्यांनी असं सांभाळलं होतं. मी दुसरं वजन शोधू लागले.

आधी सापडल्या सासूबाई.

"आत्या, गाडीवर बसा."

"मी? आता ह्या वयात?"

"कुठं जायचं नाही, नुसतं बसायचंय." हो नाही करत त्या एका अंगावर बसल्या, मला कमरेला अशा धरून की श्वास घेता येईना. मामंजी हौदापाशी पाठ करून उभे होते. मी म्हटलं, "मामंजी, मागून बघायला तुमच्याशिवाय कुणी नाही. तुमची नजर आता सगळ्यांत साफ." ते सावकाश आले, गाडीच्या मागं उभे राहिले. मी ब्रेक दाबला.

"लागतोय," ते म्हणाले.

म्हणजे नुसत्या वजनाचं काम नव्हतं. सीटवर वजन टाकलं तरी दिवा होता. मी सासूबाईंना उतरवलं, गोठ्यातून सरकी पेंडीची दोन पोती ओढत आणली आणि दोरीनं कॅनच्या जागी, फ्रेमच्या दोन्ही हुकांना टांगली. गाडी खाली बसली. मी ब्रेक दाबला.

"गेला," मामंजी म्हणाले.

"परत बघा."

"न्हाई. गेला." मग ते वाकले. त्यांनी डाव्या बाजूचं पोतं दोन्ही हातांनी वर उचलून धरलं आणि म्हणाले, "दाब." मी दाबला. "लागला." पोतं सोडलं. "गेला." परत उचललं, परत सोडलं. पाचसहा वेळा त्यांनी तसं केलं. काय झालंय ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. दिवा घालवत होती ती कॅनची फ्रेम.

आणि ती फ्रेम मामंजींची होती. म्हणजे ज्या लोखंडी सांगाड्याला कॅन अडकवतात, तो त्यांनी आपल्या पहिल्या गाडीसाठी स्वतः पुढं उभं राहून बनवून घेतला होता. त्याच फ्रेमवर त्यांनी दूध वाहिलं, तिच्यावर घर उभं केलं, पोराचं शिक्षण केलं. गाडी जुनी झाली, विकली, नवी आली. नवरा म्हणाला होता, नवीन फ्रेम घेऊ. मामंजींनी ऐकलं नाही. "फ्रेम हीच बसंल," म्हणाले. तिची भोकं नव्या गाडीला जुळेनात, तर त्यांनी मधे पट्टीचे तुकडे घालून, पान्यानं अंगचा जोर लावून ती बसवलीच. आम्ही सगळ्यांनी ते कौतुकानं पाहिलं होतं. आता ते कौतुक तोंडाशी आणायची माझी हिंमत होईना.

मामंजींनी पोती खाली उतरवली. मग पान्याची पेटी आणून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "खोल."

मी खोलली. सीट काढली, फ्रेमचे नट सैल केले. तीन दिवस गॅरेजमध्ये मी नुसती धुमसत बसले नव्हते, त्याचे हात कुठं कुठं जातात ते बघत होते. मागच्या दिव्याकडं जाणाऱ्या तीन वायरी सीटखालून निघतात, त्या नेमक्या त्या डाव्या पट्टीखालून गेल्या होत्या. पट्टी उचलली. वरून बघितलं तर सगळं ठीक, एकही वायर तुटलेली नाही. फक्त एक जरा चपटी झालेली. मी ती दोन चिमटीत धरून हळूच ओढली, तर ती रबरासारखी लांब झाली. वरचं प्लॅस्टिक शाबूत आणि आतली तांब्याची तार तुटलेली. रिकाम्या गाडीला ती दोन टोकं एकमेकांना टेकत होती. कॅन भरले की पट्टी खाली दबायची, वायर ताणली जायची आणि टोकं सुटायची. ब्रेकच्या दिव्याची वायर नेमकी तीच. बाकीच्या दोन धडधाकट, म्हणून नेहमीचा मंद दिवा जळत राहायचा आणि कुणाला शंका यायची नाही.

मी ब्लेडनं दोन्ही टोकं सोलली, पीळ घातला, टेप गुंडाळली. वायरी पट्टीखालून काढून दुसऱ्या अंगानं नेल्या. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून पट्टीखाली घातला. फ्रेम परत बसवली, पोती परत टांगली. हात काळे झाले होते, केस तोंडावर आले होते. ब्रेक दाबला.

सासूबाई म्हणाल्या, "लागलाय ग."

मामंजींनी पोत्यांच्या दोऱ्या सोडल्या, पोती एकेक करून गोठ्यात नेऊन ठेवली आणि तिकडूनच रानात निघून गेले. माझा जीव थाऱ्यावर राहीना. मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की ओरडून सांगावंसं वाटत होतं, गॅरेजला, डेअरीला, त्या बाकड्यावरच्या दोघातिघांना. आणि ज्यांच्या तोंडून एक शब्द ऐकायचा होता ते गप्प. सासूबाई हळूच म्हणाल्या, "त्यांच्या फ्रेमला नाव लागलं ना."

"मी एक शब्द बोलले का?"

"न्हाई बोललीस. पन लागलं."

संध्याकाळी नवरा आला. हातात हेल्मेट घेऊनच आला, उद्या गाडी न्यायची म्हणून. आल्या आल्या गाडीभोवती फिरून टायर दाबून बघितले. मी चहा ठेवला, पण त्याच्याशी बोलले नाही. जेवताना त्यानं मामंजींना विचारलं, "दादा, गाडीची कागदं कुठायत?" मामंजी भाकरी मोडत म्हणाले, "सकाळी बघू."

पहाटे मी धारा काढून कॅन भरले, तर मामंजी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून अंगणात तयार. नवऱ्याला त्यांनी उठवलं होतं. "शेजाऱ्याची गाडी आन. मी तुझ्या मागं बसतो. हिच्या मागं मागं जायचं." बाहेर अजून अंधारच होता. मला जा म्हणाले, म्हणून मी निघाले.

त्या दिवसासारखी गाडी मी आयुष्यात चालवली नाही. आरशात मागच्या गाडीचा एक उजेड दिसत होता, बाकी काही नाही. वळणावर ब्रेक मारला. स्पीडब्रेकरला मारला. उसाची ट्रॉली पुढं आली तिथं मारला. दर वेळी वाटायचं, लागला असेल का? मी दुरुस्त केलेला दिवा, आणि मला सोडून सगळ्यांना दिसणार. मागून कुणी ओरडत नव्हतं, हॉर्न देत नव्हतं. त्यावरून काय समजायचं तेही कळत नव्हतं.

डेअरीवर रविवारची गर्दी होती. मामंजी गाडीवरून उतरले तशी जुनी माणसं पुढं आली. "लई दिसांनी?" कुणी तरी विचारलं. "आज कसं काय येनं केलं?"

"सुनेच्या गाडीचा दिवा बघाया आल्तो," मामंजी म्हणाले.

कालचे ते दादा रांगेतच होते. हसून म्हणाले, "मग? लागतो का?"

मी कॅनच्या कडीला हात घालून तशीच थांबले.

"रस्ताभर लागला. जितक्यांदा ब्रेक मारला तितक्यांदा." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "माझी फ्रेम वायर दाबत हुती. मीच बसवली हुती, जोर लावून. गॅरेजात कुनाला घावलं न्हाई. हिनं हुडकलं, हिनंच जोडलं."

ज्या फ्रेमबद्दल हा माणूस घरात आपल्या पोराचंसुद्धा ऐकत नव्हता, तिच्याबद्दल तो चारचौघांत, ज्या रांगेत त्यानं उभा जन्म काढला त्या रांगेत, हे बोलत होता. माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी कॅन उतरवायला खाली वाकले, कुणाला दिसू नये म्हणून.

दूध घालून झालं. नवरा शेजाऱ्याची गाडी चालू करून मामंजींची वाट बघत होता. मामंजी आले, आणि त्याला ओलांडून माझ्या गाडीपाशी आले. आमच्याकडं सासरा सुनेच्या गाडीवर मागं बसत नाही. बसलेला मी कुठं बघितला नव्हता, आणि त्या रांगेतल्या कुणी बघितला असेल असं वाटत नाही. त्यांनी धोतर सावरलं, रिकामे कॅन गुडघ्यानं जरा बाजूला सारले आणि ते मागं बसले.

नवरा म्हणाला, "दादा, इकडं बसा की. तिच्या मागं बसल्यावर दिवा कसा दिसंल तुमाला?"

"आता काय बघायचं ऱ्हायलंय त्यात," मामंजी म्हणाले. "तू आपला संध्याकाळी यष्टीनं जा चाकनला." आणि मला म्हणाले, "चल."

मी पदर खोचला आणि गिअर टाकला.